आमच्या संसाराचा साक्षीदार

माझं लग्न झालं तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो आणि बायको एकतीसची. ती नर्स. ऑस्ट्रेलियात सहा वर्षं नोकरी करून, तिथं कायमचं राहायचा परवाना मिळाल्यावर ती लग्नासाठी सोलापूरला आली. लग्नानंतर आम्ही पाच आठवडे एकत्र राहिलो आणि तिची रजा संपली. जुळे सोलापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. मी अर्ज भरायचा, तिनं माझी हमी घ्यायची आणि परवाना आला की मी तिकडं जायचं, असं ठरलं होतं.

दुकानात येणारे ओळखीचे लोक हसून म्हणायचे, "बायको नवऱ्याला न्यायलीय व्हय? नवीनच की." मीही हसायचो. त्याचं मला काही वाटत नव्हतं. मला टोचायची ती तिची सहा वर्षं. त्या वर्षांत ती कुणाबरोबर जेवली, कुणाच्या गाडीतून बाजारात गेली, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. विचारायला तोंडही उघडत नव्हतं.

लग्न खरं आहे हे तिथल्या सरकारला पटवावं लागतं. त्यासाठी मी लग्नपत्रिका, फोटो, गोव्याच्या हॉटेलची पावती आणि आमच्या व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याची शंभरेक पानं गोळा केली. शिवाय आम्हाला ओळखणाऱ्या, तिथं कायम राहणाऱ्या माणसांची लेखी साक्ष लागते. एका सकाळी बायकोनं अशी एक साक्ष मेलवर पाठवली. ती लिहिणारा म्हणजे तिच्या वॉर्डात काम करणारा एक नर्स, पुरुष, माझ्याच वयाचा. तो तिला चार वर्षं ओळखत होता.

दुकान उघडून काउंटरवर बसलो आणि वाचायला लागलो. दोन पानं होती. तिला पाऊस आवडत नाही. रागावली की ती कपाटं आवरते. चहात ती साखर घेत नाही. माझी आई तर पाच आठवडे तिला दोन चमचे साखर घालून चहा देत होती आणि ती निमूट पीत होती. पुढं लिहिलं होतं, की लग्नानंतर सात महिन्यांनी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून तिनं नवऱ्याचा नंबर दिला, पण त्याला फोन करू नका, तो लांब आहे, उगाच घाबरेल, असं सांगितलं. तिला घरी सोडायला हा साक्षीदारच गेला होता. तीन दिवस तो सूप आणून देत होता.

ते ऑपरेशन मला माहीत नव्हतं.

मी त्या आठवड्याची आमची पानं काढली. त्यात तिचा मेसेज होता, 'आज व्हिडिओ नको, नेट चालत नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच. खाली मी आईनं केलेल्या कडबूचा फोटो टाकला होता आणि लिहिलं होतं, 'तुला हल्ली वेळच नसतो.' ती टाके घातलेल्या पोटानं पडून होती आणि उत्तरादाखल तिनं एक हसरा चेहरा पाठवला होता.

मला लाज वाटायला हवी होती. पण मला राग आला, आणि तोही त्या सूपचा. एक परका माणूस माझ्या बायकोच्या खोलीत वाटी घेऊन बसलाय हेच चित्र दिवसभर डोळ्यांपुढं राहिलं. दुपारी एका आजोबांचा नंबर तपासताना मी तेच भिंग दोनदा लावलं.

घरी आईनं माझा चेहरा पाहून काय झालं म्हणून विचारलं, "एनातु?" ती अक्कलकोटकडची, काळजी वाटली की कानडीवर येते. मी म्हणालो, "काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, बायकोच्या जेवणाच्या सुट्टीत, मी फोन केला. ऑपरेशनचा विषयच काढला नाही. एवढंच म्हणालो, "ती साक्ष नको. दुसऱ्या कुणाची तरी घे."

"का?"

"असंच. बाईमाणसाची घे."

ती म्हणाली, "बरं. घेते." त्यानंतर दोन दिवस तिचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या घरमालकिणीची साक्ष आली. मुलगी चांगली आहे, भाडं वेळेवर देते, भिंतीवर लग्नाचा फोटो लावला आहे. एवढ्या चार ओळी. मी तीच जोडून अर्ज पाठवून दिला.

चार महिन्यांनी तिकडच्या कार्यालयाचं पत्र आलं. तुम्ही फारच थोडा काळ एकत्र राहिला आहात, नातं खरं असल्याचा आणखी पुरावा अठ्ठावीस दिवसांत द्या. मी पत्र बायकोला पाठवलं. ती शांतपणे म्हणाली, "माझ्याकडं आणखी काही नाही. होतं ते मी पाठवलं होतं. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा."

रविवारी दुकान बंद ठेवून मी ती दोन पानं पुन्हा वाचली. पहिल्यांदा वाचताना एक ओळ माझ्या नजरेतून निसटली होती. त्यानं लिहिलं होतं, की दुपारच्या सुट्टीत ती फोन घेऊन पार्किंगच्या कडेला जाते, तेव्हा आम्ही कुणी तिला हाक मारत नाही. ती वेळ तिच्या नवऱ्याची आहे हे वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे.

त्या वेळेत मी मेसेजवर काय बोलायचो ते माझ्यासमोर छापून पडलं होतं. जेवलीस का. हो. ड्यूटी कशी झाली. बरी. फॉर्मचं काय झालं. शंभर पानांत तिला मी याहून वेगळा प्रश्न क्वचितच विचारला होता. तो माणूस रोज तिच्या शेजारी उभा राहून काम करत होता, म्हणून त्याला माहीत होतं. मी विचारलं असतं तर मलाही माहीत झालं असतं. हे कळलं म्हणून हेवा कमी झाला असं मात्र नाही. उलट आता हेव्याला कारण मिळालं.

सोमवारी मी त्याची साक्ष जोडली. सोबत माझं निवेदनही द्यायचं होतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहिलं, की माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालेलं मला या साक्षीतून कळलं. तिनं माझ्या काळजीपोटी ते लपवलं आणि मी मत्सरापोटी ही साक्ष आधी दिली नाही. खरं नातं कसं असतं ते मला माहीत नाही, पण आमचं हे असं आहे.

हमीदार म्हणून ऑनलाइन अर्ज तिलाही दिसत होता. त्याच संध्याकाळी मी दुकानात असताना तिचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज जड होता.

"हे तुम्ही सरकारला सांगितलंत. मला का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि मी काय चोरून केलं होतं?"

"नाही. पण मला सांगायला हवं होतंस की."

"सांगून काय केलं असतंत? तिकडं बसून तळमळला असता." मग ती म्हणाली, "चुकलंच माझं. मला वाटलं, तुम्ही यायचंच रद्द कराल."

मी दुकानातलं गिऱ्हाईक उद्या या म्हणून परत पाठवलं आणि तिला पहिल्यांदा विचारलं, की दुखलं कसं, कुठं, दवाखान्यात कोण घेऊन गेलं. तासभर ती सांगत होती. त्या माणसाचं नाव त्यात सात-आठ वेळा आलं. दर वेळी मला बारीकसं टोचलं, पण मी तिला मध्ये अडवलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी परवाना आला. दुकान आता मावसभाऊ बघणार आहे आणि आई मावशीकडं राहणार आहे. परवा बायको म्हणाली, "मला गाडी चालवता येत नाही. विमानतळावर तो गाडी घेऊन येतो म्हणतोय. नको असेल तर टॅक्सी करते."

"येऊ दे," मी म्हणालो.

गाडीत त्याच्या शेजारी पुढं कोण बसणार, हे मी विचारलं नाही. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मनात तेच होतं.