वरातीच्या घोडीचे पाय

भाईंदर पूर्वेला, मिठागरांच्या बाजूने जिथे इमारती संपत होत्या, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी घोडी बांधलेली असे. तिचा मालक मूळचा घोडबंदरचा. आधी त्याचा टांगा होता. रिक्षा वाढल्या तसा टांगा बसून राहिला. मग त्याने टांग्याचा घोडा विकला आणि लग्नाच्या वरातींसाठी ही घोडी घेतली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. भाईंदरमध्ये मारवाडी आणि गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने राहायला येत होती, आणि त्यांच्याकडे नवरदेव घोडीवर बसूनच मांडवात जात असे.

घोडी ढोलावर नाचत असे. मान वाकवून, पुढचे पाय आळीपाळीने उचलून ती जागच्या जागी ठेका धरायची. मी ज्या हंगामाबद्दल लिहीत आहे त्या हंगामात तिचे नाचणे फार गाजले. लोक मालकाकडे येऊन 'वही नाचनेवाली चाहिये' म्हणत. ढोल थांबला तरी ती थांबत नसे. शेडमध्ये एकटी असतानाही तिचे पाय चालू असत: डावा, उजवा, डावा. रस्त्याने जाणारी मुले उभी राहून बघत.

मी तेव्हा मुंबईतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होते. बारावीला मेडिकलसाठी गुण कमी पडले आणि यादीत खाली जे मिळाले ते घेतले. आई शेजाऱ्यांना सांगायची, 'डॉक्टरकीला आहे.' शेजारी आपसात सांगायचे, 'ढोरांची डॉक्टर होणारे.' अभ्यास मुख्यतः गाई-म्हशींचा आणि कोंबड्यांचा. घोडा पुस्तकात भरपूर होता, प्रत्यक्षात कमी. कधीतरी रेसकोर्सच्या तबेल्यात नेत. तिथे घोड्याभोवती विद्यार्थ्यांचे कडे व्हायचे, मुली मागच्या रांगेत, आणि घोड्याचा पाय कोणाच्या तरी खांद्यावरून दिसायचा.

प्राण्यांचे कल्याण असा वेगळा विषय नव्हता. कायद्याच्या पेपरात शेवटची काही पाने होती. त्यांत लिहिले होते की प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा गुन्हा आहे. वेदना ओळखायची कशी, ते दुसऱ्या पुस्तकात होते. दोन्ही विषयांत माझे गुण बरे होते. दोन्ही पुस्तके एकाच वेळी उघडायची गरज पडली नव्हती.

एका दुपारी मी शेडसमोरून घरी जात असताना मालकाने हाक मारली.

"बाय, तू जनावरांचं शिकतेस ना?"

"अजून शिकतेय, काका."

"शिकली असशील तेवढं बघ. वळताना अडते ही. परवा मांडवापाशी वळवायला गेलो तर दगडासारखी उभी. नवरा पडता पडता राहिला."

"कधीपासून होतंय?"

"लग्नं सुरू झाली तवापासून. पण नाचते काय, विचारू नको. अशी कधी नाचली न्हाय."

मग त्याने खरे कारण सांगितले. भिवंडीकडचा एक वीटभट्टीवाला घोडी मागत होता. चालती आहे तोवर नेतो, पाय गेल्यावर मला नको, असे त्याचे म्हणणे. भट्टीवर जनावरे विटांच्या गाड्या ओढतात. तिथली जनावरे आमच्या महाविद्यालयाच्या दवाखान्यात येत. त्यांच्या पाठीवरच्या जखमा धुण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे असे.

"पायाचं दुखणं असंल तर आताच सांग," मालक म्हणाला. "मंग देऊन टाकतो. सवय असंल तर राहू दे."

म्हणजे मी 'दुखते आहे' म्हटले तर घोडी भट्टीवर जाणार होती. 'सवय आहे' म्हटले तर त्याच पायांवर ती पुढची सगळी लग्ने नाचणार होती. पुस्तकात या प्रश्नाचा पहिला अर्धाच भाग होता.

मी खाली बसून तिच्या खुरांवर हात ठेवला. खूर गरम होते. पण वर पत्रा होता, खाली शहाबादी फरशी, आणि ती फरशीही गरम होती. खुराच्या वर, मागच्या बाजूला नाडी लागते. ती जोरात उडत असेल तर खुराच्या आत सूज असते, असे शिकवले होते. नाडी हाताला लागते न लागते तोच घोडी पाय उचलायची. एक पाय सोडून दुसऱ्यावर भार टाकत राहणे, हे खुरातल्या वेदनेचे लक्षण. ढोलावर नाचायला शिकवलेली घोडीही नेमके तेच करते.

अडचण आणखी होती. पत्र्याच्या पलीकडे बँडवाल्यांचे दुकान होते, आणि दुपारी त्यांची तालीम चालायची. बँडमास्तर मराठवाड्यातून आलेला, क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. मी जाऊन त्याला म्हटले, थोडा वेळ वाजवणे थांबवाल का, घोडीला तपासायचे आहे.

"ताई, आजारी घोडी, आणि पथ्य आम्हाला?" तो म्हणाला.

ढोलवाला हसला. "घोडीनं तक्रार केली असंल मास्तर. तुमचा सूर लागत नाय म्हणून."

तरी त्यांनी थांबवले, आणि वाद्ये खाली ठेवून सगळे शेडशी येऊन उभे राहिले. घोडीने पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. गती कमी झाली, पण थांबली नाही.

"बघ," मालक म्हणाला, "तिच्या डोक्यात वाजतंय."

बँडमास्तराने मान हलवली. "माझंबी तसंच आहे. झोपेत बोटं चालतात. बायको म्हणते, काय मोजताय? म्हणून काय मला आजार झाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सवय म्हणावी तर ढोल बंद झाल्यावर पाय थांबायला हवे होते. वेदना म्हणावी तर ढोल बंद झाल्यावर गती कमी व्हायला नको होती.

"काय मंग? सवय का दुखणं?"

"सांगता येत नाही, काका."

"तीन वर्षं काय शिकवलं तुला?" हे तो रागाने म्हणाला नाही. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मलाही.

आमचे शल्यचिकित्सेचे सर त्याच वर्षी मीरा रोडला पूनम सागर वसाहतीत राहायला आले होते. मी त्यांना महाविद्यालयात सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तुला काय वाटतं?" मी म्हटले, मला दोन्ही वाटते. ते म्हणाले, "दोन्ही हे उत्तर परीक्षेत देऊ नकोस." आणि रविवारी स्कूटरवरून आले.

सरांनी आधी खुरावर चिमटा लावून दाबून पाहिले. घोडीने पाय ओढून घेतला. पण चिमटा जवळ नेताच, न दाबताही ती पाय ओढत होती. मग त्यांनी पिशवीतून सुई काढली. घोड्याच्या खुराकडे जाणाऱ्या नसा पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. तिथे बधिर करणारे इंजेक्शन दिले की खूर काही काळ मुका होतो. मुका झालेला पाय घोडा निवांत टेकवून उभा राहिला, तर आधी तो दुखत होता. पुस्तकात हे मी वाचले होते. मालकाने घोडीचा कान धरला, मी पाय धरला, सरांनी दोन्ही पुढच्या पायांना इंजेक्शने दिली.

थोड्या वेळाने घोडी चारही पायांवर उभी राहिली. नुसती उभी राहिली. मालक तिच्याभोवती फिरून आला.

"अशी उभी कवा राहिली होती ते आठवत न्हाय मला," तो म्हणाला.

"दुखतं आहे," सर म्हणाले. मी सुटकेचा श्वास घेणार होते. तेवढ्यात पत्र्यापलीकडून ढोलवाल्याने सहज चार थापा मारल्या, आणि घोडीने मान वाकवून पाय उचलला. उंच, अगदी ठेक्यात. मग दुसरा.

सर तिच्याकडे बघत राहिले. "बंद करा, बंद करा," ते पत्र्याकडे वळून म्हणाले. "मुक्या पायावर नाचली तर आत आणखी फाटेल." ढोल थांबला. घोडीने पाय टेकवला आणि पुन्हा स्वस्थ उभी राहिली.

"दोन्ही आहे," सर मला म्हणाले. पुढे मी पशुवैद्यक झाले नाही, वृत्तपत्रात गेले. तिथे कोणी बातमीत 'दोन्ही आहे' लिहिले तर मुख्य उपसंपादक ते वाक्य कापायचा. दर वेळी मला त्या शेडची आठवण व्हायची.

सरांनी मालकाला समजावले. खुराच्या आत, हाडाला खूर धरून ठेवणारे पडदे सुजले आहेत. विश्रांती, पायाखाली वाळू, धान्य पूर्ण बंद. पाळले तर घोडी सुधारेल. नाही तर हाड खुरातून खाली सरकेल, आणि मग भट्टीवालाही नेणार नाही. हे बहुतेक वेळा धान्य जास्त खाल्ल्याने होते. काय देता?

"सुकं गवत. मूठभर कोंडा."

"हरभरा?"

"न्हाय देत. कवाच न्हाय."

सरांनी शेडमध्ये सगळीकडे पाहिले. धान्याचे पोते नव्हते, घमेलेही नव्हते. निघताना ते मला म्हणाले, "काहीतरी खाते आहे. शोध."

दुसऱ्या दिवशी एक वरात होती. नेऊ नका, असे सर सांगून गेले होते. मालक म्हणाला, शब्द दिला आहे, मुहूर्तावर दुसरी घोडी मिळणार नाही. हळू चालवतो, नाचवत नाही. मी बरोबर गेले. नवरदेवाच्या इमारतीखाली घोडी उभी केली. मग नवरदेवाच्या घरच्या बायका खाली आल्या. पहिल्या बाईच्या हातात थाळी होती, त्यात भिजवलेली चणाडाळ आणि गुळाचे खडे. तिने घोडीला कुंकू लावले आणि ओंजळीने डाळ भरवली. तिच्यामागून काकू, मावशी, मामी, बहिणी. घोडी प्रत्येकीच्या ओंजळीतून खात होती आणि बायका हसत हात मागे घेत होत्या. थाळी संपली तेव्हा वरून दुसरी मागवली.

भाईंदरला राहायला आल्यापासून हे मी प्रत्येक वरातीत पाहत होते. मांडवाच्या दारात पुन्हा एकदा भरवतात, हेही मला माहीत होते. मुहूर्ताच्या दिवशी घोडी एकापेक्षा जास्त लग्ने करते, हेही. शेडमध्ये सर जे शोधत होते ते रस्त्यावर, सगळ्यांसमोर, फोटो काढत चालले होते.

"काका," मी म्हटले, "तुम्ही म्हणालात हरभरा देत नाही."

"मी कुठं देतो?"

"मग हे काय?"

त्याने थाळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हा मान हाय, बाय. खाणं न्हाय."

त्याने काही लपवले नव्हते. त्याच्या हिशेबी त्याने खरेच धान्य दिले नव्हते, आणि बायकांच्या हिशेबी त्यांनी घोडीची पूजा केली होती. कायद्याच्या पानांवर वेदना देणाऱ्यासाठी शिक्षा होती. इथे कोणाचे नाव लिहायचे ते मला सुचले नाही.

परत येताना मालक लगाम धरून पायी चालला. शेडपाशी आल्यावर म्हणाला, "म्हंजे यंदा नाचत होती ते…"

"थोडं नाचणं होतं. थोडं दुखणं."

"किती नाचणं न किती दुखणं?"

"ते नाही सांगता येत."

"लोकं टाळ्या वाजवत होती," तो म्हणाला आणि तिच्या तोंडातला लगाम काढायला लागला.

वीटभट्टीवाला त्या आठवड्यात येऊन गेला. दोघांत काय बोलणे झाले ते मला कळले नाही. घोडी शेडमध्येच राहिली. मालकाने शहाबादी उखडून खाडीकडची वाळू टाकली. हंगामाचे उरलेले दिवस तो दुसऱ्या कोणाची तरी रिक्षा चालवत होता, आणि बँडमास्तर त्याला रोज विचारायचा, "काय टांगेवाले, ही रिक्षा काय खाते?"

पुढच्या हंगामात घोडी पुन्हा निघाली. पहिल्याच वरातीत मी होते. नवरदेवाच्या काकांनी तिला ओळखले. "पहले तो बिना ढोल के भी नाचती थी," ते मालकाला म्हणाले. "अभी ठंडी पड़ गयी. बीमार है क्या?"

"नहीं सेठ," मालक म्हणाला. "अभी अच्छी है."

थाळी आली. पहिल्या बाईने ओंजळ पुढे केली. मालकाने घोडीला एक घास घेऊ दिला, मग थाळी दोन्ही हातांनी कपाळाला लावून बाजूला ठेवली. "बस, माँजी. उपवास है इसका."

बाई थांबली. "घोडी का?"

"हाँ. एकासना करती है."

ती बाई स्वतः एका वेळच्या जेवणाचे व्रत करणाऱ्यांपैकी असावी. तिने घोडीला हात जोडले आणि मागच्या बायकांना थांबवले. मालक माझ्याकडे बघत नव्हता.

ढोल सुरू झाला. घोडीने मान वाकवली, उजवा पाय उचलला, मग डावा. मला पुन्हा तेच कळेनासे झाले. वाजंत्री दम घ्यायला थांबले तेव्हा मी वाकून तिच्या खुरावर हात ठेवला. खूर गार होता. नाडी शोधावी लागली. तिने पाय उचलला नाही.