पोस्टरवरची माय

सुरतेच्या उधना भागातल्या एका कारखान्यात सुषमाबाई गेली अठरा वर्षं साड्यांना लेस लावतात. नवरा गेल्यापासून घर त्यांच्याच शिलाईवर चालतं. मुलगी गायत्री कॉलेजात शिकते. कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध आला तो शेजारच्या निंबामुळे. निंबा दिवसा लूम चालवतो, सुट्टीच्या दिवशी अहिराणी गाणी लिहितो आणि गातो. या खेपेला त्याने आईवर गाणं केलं होतं. पोरगा सुरतेत कामाला लागतो, खोली घेतो आणि गावाकडच्या आईला बोलावून घेतो, असं ते गाणं. व्हिडिओत आई कोण, याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

"मावशी, तूच. तू बोलतेस तेव्हा मला माझी मायच बोलल्यासारखी वाटते."

सुषमाबाईंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

शूटिंग बारडोलीजवळ, उसाच्या शेताकडेला एका बंद घरापाशी होतं. कॅमेरा धर्मेंद्रचा. त्याचा उधन्यात लहानसा स्टुडिओ आहे. त्याने पिशवीतून एक जुनी साडी काढली. तीन ठिकाणी ब्लेडने फाडलेली.

"ही नेसा मावशी. आणि तोंडाला थोडी राख लावा."

"ही बाई निघालीय कुठे?"

"मुलाकडे. सुरतेला."

"मग फाटकं नेसून का निघेल?"

"गरिबी दिसायला नको? बघताक्षणी लोक रडले पाहिजेत."

"मी पहिल्यांदा सुरतेला आले तेव्हा लग्नातली साडी नेसले होते," सुषमाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून तिला इस्त्री केली. गरीब होतो म्हणूनच केली."

ऊन उतरत चाललं होतं. धर्मेंद्रने घड्याळ पाहिलं आणि वाद सोडला. सुषमाबाई स्वतःच्या हिरव्या साडीतच चालल्या. दाराला कुलूप लावलं, दोन पावलं गेल्या आणि परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. धर्मेंद्रने तो शॉट पुन्हा एकदा घेतला.

दोन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत, शेजारच्या मशीनवरच्या ज्योतीने मोबाइल पुढे केला. गाणं सुरू होण्याआधी दिसणारं पोस्टर होतं ते. चेहरा सुषमाबाईंचाच, पण कॉम्प्युटरवर काळवंडलेला. पदराला ठिगळं, गालावर आसू. मागे गॉगल लावलेला पोरगा पाठ फिरवून उभा. वर लाल अक्षरं: 'माय रडनी'.

"पोराने टाकलं का गं तुला?" ज्योती म्हणाली.

"आधी गाणं ऐक."

"गाणं नंतर. हे बघून तर तसंच वाटतं."

संध्याकाळी गायत्रीने समजूत घातली. "मम्मी, जाऊ दे ना. बधा, सगळेच असं करतात."

"करू दे. माझ्या तोंडावर नाही."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून त्या स्टुडिओत गेल्या. मोबाइल धर्मेंद्रपुढे धरला. "हाई मी नही शे, भाऊ. ही मी नाहीच."

"मावशी, एका दिवसात चाळीस हजार लोकांनी बघितलंय! आता हात लावला तर सगळं थांबेल."

"थांबू दे."

"अहो, गाणं तर तेच आहे. चित्र फक्त लोकांना आत आणायला."

"गाण्यातला पोरगा आईला बोलावतो. तुमच्या चित्रातला पाठ फिरवतो. खरं कुणाचं धरायचं?"

धर्मेंद्र कॉम्प्युटरकडे वळून कामाला लागला. सुषमाबाई स्टूल ओढून बसल्या. एक तास गेला, दुसराही गेला. लग्नाचा अल्बम न्यायला एक जोडपं आलं. सुषमाबाईंनी त्यांना पोस्टर दाखवून विचारलं, "हे बघून काय वाटतं?"

"सुनेने हाकललं असेल," बाई लगेच म्हणाली.

धर्मेंद्रने वैतागून निंबाला बोलावलं. निंबा पाळी संपवून आला, पण त्याचाही जीव त्या आकड्यात अडकला होता. "मावशी, पहिल्यांदाच एवढे लोक..."

"तुझी माय हे बघेल तेव्हा तिला काय सांगशील?"

निंबाने मोबाइल हातात घेऊन पोस्टर पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बदला, भाऊ."

धर्मेंद्रने सगळे शॉट उघडले. सुषमाबाईंनी कुलूप ओढतानाचा निवडला.

"यात चेहरा अर्धाच दिसतो," तो कुरकुरला.

"निघालेली तर दिसते."

लाल अक्षरं गेली, गाण्याचं खरं नाव आलं. धर्मेंद्र म्हणाला होता तसंच झालं; बघणारे कमी झाले. धर्मेंद्रच्या स्टुडिओतल्या इतर गाण्यांच्या मानाने ते अजूनही मागेच आहे. पण खाली लोक लिहू लागले: आमची माय कधी आली, येताना ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ कसं बांधून आणलं, शेजारणीकडे किल्ली कशी ठेवली. गायत्री रोज ते वाचून दाखवते. सुषमाबाई एखादं पुन्हा वाचायला लावतात.

मागच्या महिन्यात धर्मेंद्रचाच फोन आला. नव्या गाण्यात सासू हवी होती.

"काय काम करते ती?" सुषमाबाईंनी विचारलं.

"काम? सासू आहे ती, मावशी."

"ठरवून सांगा. मग येते."

दोन दिवसांनी त्याने कळवलं, पापड करते. सुषमाबाई म्हणाल्या, पोळपाट-लाटणं माझं आणीन, आणि पीठ आदल्या दिवशी मीच भिजवीन.