घुटीसारखं दिलेलं जेल

आजच घडलेलं लिहिते, कारण या ग्रुपवर बऱ्याच जणींची बाळं लहान आहेत.

आमच्या पाच महिन्यांच्या परीच्या जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे आले. तिरोड्याच्या डॉक्टरांनी तोंडात लावायचं जेल दिलं. सकाळी मी आंघोळीला गेले आणि सासूबाईंनी ते घुटीसारखं दिलं. आमच्याकडे बाळाने थुंकू नये म्हणून घुटी बोटाने पार घशाशी नेऊन सोडतात. जेल चिकट, ते तिथेच बसलं.

बाहेर आले तर सासूबाई ओरडत होत्या, "पोरगी श्वासच नाही घेऊन राहिली वो."

ओठ निळे पडले होते. परीला हातावर पालथी घेतली, पाठीवर थापा मारल्या. गोळा बाहेर पडला, तेव्हा ती रडली.

डॉक्टरांनी तपासलं, बरी आहे. जेल अगदी थोडं थोडं, जिभेच्या पुढच्या भागावर आणि गालाच्या आतून लावायचं, घशाकडे न्यायचंच नाही, म्हणाले.

सासूबाईंनी चार लेकरं याच बोटाने वाढवली. दुपारपासून परीला हात लावत नाहीत. "माह्या हातानं मेली असती," एवढंच म्हणतात.

आणि खरं सांगू, परीला त्यांच्या मांडीवर द्यायला मीही घाबरतेय. तुमचं बाळ तुम्ही दिलं असतं का?