ट्रॉफी आधी कोणाच्या घरी?

मित्रांनो, आज संध्याकाळी बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर पाणपोई चालवणाऱ्या मुलामुलींचा सत्कार झाला. मी तिथेच होते. ट्रॉफी एकच मिळाली. ती आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी ठेवायची असं ठरलं. पण आधी कोणाच्या?

"काजलच्या!" सगळे एकदम ओरडले. "तिच्या पप्पांना दाखवणं जरुरी आहे यार."

मुलीने स्टँडवर उभं राहून लोकांना पाणी द्यावं, हे पप्पांना पसंत नव्हतं. उद्यापासून ते तिचं जाणं बंद करणार होते.

ते स्कूटरवरून तिला न्यायला आले. ट्रॉफी हातात घेऊन तिच्यावरची अक्षरं त्यांनी सावकाश वाचली.

"सकाळी माठ कोण भरतं?"

"मीच, पप्पा."

"मग चल, लवकर झोप. सकाळी मी तुला स्टँडवर सोडून देतो."

तुमच्या घरात अशी ट्रॉफी कोणाला दाखवायची राहिली आहे?