रेंज होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शहापूरला दिलेल्या ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

धसईच्या घरी आई एकटी. मी कल्याणला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक पांढरी डबी बसवली. माणूस जमिनीवर पडलं की ती ओळखते आणि माझ्या मोबाइलवर घंटा वाजते. गावभर मिरवलं मी. आता म्हाताऱ्यांना घरंच सांभाळणार, म्हणालो.

पण डबी बनवणाऱ्यांनी आमची घरं कुठे पाहिलीत? आई भाजी चिरणार विळीवर, तांदूळ निवडणार मांडी घालून, दुपारी पाठ टेकणार ती गार लादीवर. डबीच्या लेखी ती दिवसातून दहादा पडायची. मी घाबरून फोन करायचो, ती हसायची. मग माझी चिडचिड सुरू झाली — तिच्यावर, तिच्या विळीवरसुद्धा. शेवटी घंटेचा आवाज बंद केला. नुसता मेसेज दिसायचा.

इथवरचं कुणीही समजून घेईल. पण खरं पुढेच आहे.

त्या दिवशी सकाळी अकराला मेसेज आला. मी वाचला. बाराला पुन्हा — अजून खालीच. तांदूळ निवडायला एवढा वेळ? आलं होतं मनात. एक फोन करायचा होता, हातातच तर होता! पण तिने उचलला नाही तर? मग रजा, एसटी, धसई... मी मोबाइल पालथा ठेवला आणि डबा खाल्ला.

तीन वाजता शेजारच्या काकूंनी तिला पाहिलं. खुब्याचं हाड मोडलेलं, लुगडं ओलं, हाक मारून मारून आवाज बसलेला. दवाखान्यात ताईने विचारलं, तेव्हा मी म्हणालो — रेंज नव्हती.

सगळ्यांना पटलं. धसईतल्या रेंजवर कोण शंका घेणार? लाज वाटली? वाटली. पण सुटलो असंही वाटलं.

आईने मात्र दोष स्वतःकडे घेतला. "माजाच झाडू लागला असंल रे त्या डबीला. तुजा काय दोष नाय."

आता ती वॉकर धरून चालते. विळी माळ्यावर गेली. त्या डबीभोवतीची जळमटं ती कुणाला काढू देत नाही, धक्का लागेल म्हणून सुनेवरही ओरडते. परवा ओरडली तेव्हा मी समोरच बसलो होतो. चहा पीत राहिलो.

रेंज होती. दोन्ही मेसेज अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत.