लाइट आली तरी

सुताच्या खळीचा आंबूस वास आला की मला सातवीची सुट्टी आठवते. मराठीच्या बाईंनी आम्हा मुलींमध्ये पैज लावली होती. नावात नाम, विशेषण, क्रियापद आणि उद्गार असलेलं एकेक पुस्तक वाचायचं. सुट्टीत जी आधी चारही संपवेल, तिने वाचनालयासाठी नवं पुस्तक निवडायचं. माझी तीन झाली. वाचनालयात उद्गाराचं एकच पुस्तक होतं आणि ते आमच्या गल्लीतल्या यंत्रमाग कारखान्यात लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरकाकांनी नेलं होतं. लाइट जाऊन लूम थांबले की ते कामगारांना वाचून दाखवायचे. मी मागायला गेले तर म्हणाले, "नेऊ नको गं, सगळे ऐकतायत. त्यापेक्षा तूच वाच, माझा चष्मा कालच फुटलाय." मग लाइट गेली रे गेली की मी पळत कारखान्यात जायचे आणि सुताच्या गोणीवर बसून, माझ्या पैजेसाठी पुन्हा पहिल्या पानापासून, मोठ्याने वाचायचे. सुट्टीच्या शेवटच्या दुपारी चारच पानं उरली असताना बल्ब पेटला. मी रडवेली होऊन पुस्तक मिटलं. पण लूमवर कुणीच गेलं नाही. एक भैया मेन स्विचला पाठ लावून उभा राहिला. "पहले किताब खतम कर, बेटी." काका शेठच्या वाटेकडे बघत हसले, "वाच, वाच लवकर!" मी वाचलं, टाळ्या पडल्या आणि मगच खडखडाट सुरू झाला. पैज मी जिंकले. नवं पुस्तक निवडताना मात्र नावाकडे पाहिलंच नाही, कारखान्यात लवकर संपू नये म्हणून दुकानाच्या कपाटातलं सगळ्यात जाडजूड उचललं. अजूनही पुस्तक घेताना मी आधी त्याची जाडीच बघते.