उत्तरदाता क्रमांक सात

एम.ए.ला मी समाजशास्त्र घेतलं होतं. त्यात धर्म आणि समाज हा पेपर माझ्या विशेष आवडीचा. दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. मी विषय निवडला, बौद्ध घरांत टिकून राहिलेले जुने देव. मॅडम म्हणाल्या, "अगं, गावोगाव कशाला हिंडतेस? आपल्याच वस्तीत बघ." वस्तीत कशाला, माझ्या घरातच होतं की!

आत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर कळवणहून नाशिकला आमच्याकडे राहायला आलेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, देवीचा चांदीचा टाक होता. रुपयाएवढा असेल. लहानपणी मला तो दिसला तेव्हा तिनं दटावलं होतं, "कुणाला सांगशील तर बघ." एवढी वर्षं मी अवाक्षर काढलं नाही. आणि सांगितलं तेही कशात, तर प्रबंधात!

माणसाचं नाव बदललं की झालं, असं आम्हाला शिकवलेलं. मी तर नावही घातलं नाही, नुसता आकडा. 'उत्तरदाता क्रमांक सात: विधवा, मूळ कळवण तालुका, सध्या भावाकडे वास्तव्य. पेटीत देवीचा टाक ठेवून गुप्तपणे पूजा करतात.' पूजा करताना मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं. पण टाक आहे म्हणजे पूजा असणारच, असं या दीडशहाणीनं ठरवून टाकलं. तिला विचारलंसुद्धा नाही. मॅडमनी शेजारी लाल शाईनं 'अतिशय छान!' लिहिलं आणि मी आठ दिवस हवेत.

दादा कारकून. आमच्या घराण्यात एवढं शिकलेली मी पहिलीच, त्याचं त्यांना कोण कौतुक! एका रविवारी ती तपासलेली प्रत घेऊन ते विहारात आले. त्यांनी वाचली नव्हती; लाल शाई दिसली तिथं खुणेचा कागद तेवढा घातलेला. वंदना झाल्यावर ते एका निवृत्त गुरुजींना म्हणाले, "पोरीचं एवढं पान वाचून दाखवा." गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं. सात नंबर कोण, हे कळायला वस्तीला दोन ओळी पुरल्या. आत्या बायकांमध्ये बसली होती, पांढरं पातळ नेसून. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "अक्का, माझ्या घरात?" त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चल गंगंवर. तुला लिहायला लागंल."

गोदावरीपर्यंत रिक्षात मी रडत होते. पाण्याशी पोहोचल्यावर मी विचारलं, जे कितीतरी आधी विचारायला हवं होतं. "आत्या, का ठेवला होतास गं?"

"आता इचारती व्हय?"

मग तिनं सांगितलं. बौद्ध धर्म घेतल्यावर गावातल्या आमच्या लोकांनी घरातले देव नदीत बुडवले तेव्हा ती सात-आठ वर्षांची. तिच्या आईनं हा टाक गुपचूप तिच्या मुठीत दिला. "म्हणली, हिला हात नको जोडू. पण माझ्या आईनं दिलेला हाय, बुडवू नको. मी शबूद दिला. पुढल्या साली तुझा बाप झाला, न् आठव्या दिवशी आई गेली. फोटू नाय, काय नाय. येवढंच हाय तिचं. एक फूल नाय वाहिलं मी कधी."

"दादांना सांग ना हे! मी सांगते."

"नको. चारचौघांत मान खाली गेली त्याची. आता घरात ठेवायचा नाय." तिनं टाक माझ्या तळहातावर ठेवला. "तू टाक. मी शबूद दिलाय."

मी नको नको म्हणत राहिले. ती हलेना. शेवटी टाकला मी. तिनं तोंड फिरवलं होतं.

"बुडाला?" तिनं विचारलं.

"हो."

तशी ती पायरीवर बसली आणि आई नुकतीच गेलेली पोर रडते तशी रडली.